निवेदन की डबा? आमच्या मंडळीतल्या एका वादावरून

भिंगारवाला

सर्वांना सलाम.

मी मूळचा नगरचा, गेली बावीस वर्षं पिंपरीत. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे, साठ-सत्तर कुटुंबं. गेल्या निवडणुकीच्या आधी आमच्यात मोठा वाद झाला. काही जणांचं म्हणणं, ख्रिस्ती लोकांना ठिकठिकाणी जो त्रास होतो त्याविरुद्ध मंडळीने निवेदन काढावं, बॅनर घेऊन मोर्चात उतरावं. बाकीचे म्हणत होते, उमेदवाराशी जमवून घेऊ, उपासना संपल्यावर त्याला पाच मिनिटं बोलू देऊ, म्हणजे दफनभूमीच्या जागेचं काम तरी मार्गी लागेल. मी निवेदनवाल्यांत होतो. मसुदा मीच लिहिला, चार वेळा बदलला. 'निषेध' लिहायचं की 'खेद' यावर आम्ही एका रविवारी दीड तास घालवला. दोन महिने उपासनेनंतरचा चहासुद्धा दोन टोळक्यांत व्हायचा.

निवेदनावर सह्या घेताना एक नाव राहिलं. आमच्या एक मावशी आहेत, निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसतात. 'बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत' असं कुणीतरी म्हणालं आणि मी सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. सहीसाठी गेलो, हे मुद्दाम लिहितोय. भेटायला गेलो नव्हतो.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं. काकांना पक्षाघात होऊन दीड महिना झाला होता. मावशी एकट्याने त्यांना कुशीवर वळवायचा प्रयत्न करत होत्या. मला पाहून 'ये' नाही, 'बस' नाही, एवढंच म्हणाल्या, "पाय धर." मी पाय धरले. आम्ही दोघांनी काकांना वळवलं, पाठीमागे उशी लावली, चादर ओढून सारखी केली. तो कागद शेवटपर्यंत माझ्या खिशातच राहिला.

त्या पाच रविवार आल्या नव्हत्या. त्या पाचही रविवारी मी चर्चमध्ये हजर होतो.

काकांना दवाखान्यातून आणलं तेव्हा बिल्डिंगमधल्या गणेश मंडळाच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवलं होतं. समोरच्या घरातून रोज दुपारी भाकरी यायची, एकादशीला भगर. त्या घरातल्या वहिनींनी मला अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमच्या चर्चचे लोक माहीत नव्हते का हो?" यावर मी काय उत्तर देणार होतो?

घरी येऊन बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला. तो तोंडपाठ आहे, संडे स्कूलपासून. त्यात न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो: मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, आजारी होतो. पण त्या रात्री एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांत भरली. ज्यांनी खायला दिलं आणि ज्यांनी दिलं नाही, ते दोघंही राजाला एकच प्रश्न विचारतात: प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? ज्यांनी केलं त्यांनाही पत्ता नव्हता. समोरचं माणूस अडलेलं दिसलं म्हणून त्यांनी केलं, इतकंच. राजा त्यांना मतं विचारत नाही.

तेव्हापासून आम्ही नऊ जण पाळ्या लावून जातो. कुणी डबा नेतं, कुणी रात्री झोपायला जातं म्हणजे मावशींना सलग सहा तास झोप मिळते. पक्षाघात झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मला आत्ता या वयात कळलं. दाढी करायला शिकलो. घोट घशात अडकू नये म्हणून काकांना पूर्ण बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून चमच्याने भरवायला शिकलो.

मतदान मी करतो, करत राहीन. पण मोर्चे, निवेदनं, पक्षांच्या मागे धावणं यातून मी बाहेर पडलोय. विश्वास जगायचा तो असाच, हाताच्या अंतरावर, असं मला वाटतं. तुमच्या मंडळीत, धर्मग्रामात काय अनुभव आहे?

---

किनाऱ्यावरची

वसईहून लिहितेय. तुमचं वाचून घशात दाटून आलं.

आमच्याकडे धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी संस्था आहे. माझे बाबा अठ्ठावीस वर्षं तिच्यात होते. दर आठवड्याला दोघा-दोघांनी ठरलेल्या घरी जायचं, हा तिथला नेम. एकटं जायचं नाही, आणि कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. बैठक संपताना एक पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ बंद करून आत हात घालतो, म्हणजे कुणी किती टाकले आणि कुणी काहीच टाकले नाहीत, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये म्हणतात, ते आमच्याकडे त्या पिशवीत आहे. बाबा गुरुवारी संध्याकाळी कुठे जातात, हे आईलाही माहीत नसायचं.

या संस्थेची सुरुवातही तुमच्यासारख्याच वादातून झाली. १८३३, पॅरिस. फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र वादसभा भरवायचे आणि ख्रिस्ती धर्माने जगाला काय दिलं यावर हिरिरीने बोलायचे. कुणीतरी विचारलं, ते ठीक, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? मग ती मुलं सरपण घेऊन एका गरीब घरी गेली.

पण भाऊ, एक गोष्ट तुम्हाला मान्य करावी लागेल. हाच ओझानाम १८४८ मध्ये फ्रान्सच्या निवडणुकीला उभा राहिला होता. हरला, पण उभा राहिला. आणि आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो नसते तर? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या वाड्या, विहिरी, भातशेती बिल्डरांच्या घशात जायची वेळ आली तेव्हा हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यात फादर पुढे होते. धमक्या आल्या. लोकांच्या वतीने उभं राहणं हीसुद्धा दयाच होती. आमच्या विहिरीला आज गोडं पाणी आहे ते काही कुणी डब्यातून आणून दिलेलं नाही.

---

माणिकदौंडी

फक्त हजेरी लावतो. दफनभूमीचं पुढे काय झालं? आमच्याकडेही तोच प्रश्न आहे.

---

भिंगारवाला

@माणिकदौंडी, तसाच आहे. अर्ज पडून आहे.

@किनाऱ्यावरची, ताई, ती बंद मुठीची पिशवी मनात राहिली. बाकीच्यावर विचार करून लिहितो.

---

उगवतीचा

मूळ लेखकाबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. मावशींच्या घरी जाणं मोठंच आहे, त्यावर एक शब्दही नाही. पण त्यातून जो निष्कर्ष काढलाय तो मला धोक्याचा वाटतो.

माझे पणजोबा मराठवाड्यात ख्रिस्ती झाले. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं. मिशनच्या साहेबांनी शाळा दिली, औषध दिलं, दुष्काळात धान्य दिलं. त्या धान्यावर आमचं घर जगलं, ते मी विसरणार नाही. पण देणारा नेहमी पायरीवर उभा आणि घेणारा अंगणात, हेही माझ्या आजीने पाहिलं आहे. चर्चमध्येही कुणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, हे बरीच वर्षं चाललं. पुढे १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदू. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आम्ही आजही बाहेर. गाव आम्हाला जुन्याच नावाने ओळखतं, सरकारी कागद मात्र म्हणतो की तुम्ही ते नाही. हा प्रश्न कुठल्या डब्याने सुटणार आहे?

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोज अन्नवाटप होतं, म्हणजे दया चालूच होती. पण ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्या वाटपातून सुटत होत्या. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषित काय म्हणाले? 'जरा जास्त प्रेमाने वाढा' असं म्हणाले? नाही. त्यांनी सात माणसं निवडून वाटपाचा कारभारच त्यांच्या हाती दिला. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची माणसं उपाशी राहत होती त्यांच्याच हातात पळी दिली.

मंडळीचा इतिहास त्या कुरकुरीला पाप म्हणत नाही. मग आमच्या निवेदनाला तुम्ही कमी का लेखता?

---

केडगावजवळचा

वरच्या प्रतिसादाला जोडून.

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपण त्यांचा सेवेचा भागच सांगतो. तो आहेच डोंगराएवढा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. केडगावला त्यांचा मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या आणखी वाढली. विहिरी, शेती, माग, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि हे चालू असताना मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर.

पण याच रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत होत्या. आणि १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात स्त्रियांची जी परवड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं होतं. गप्प बसणं सोपं होतं.

मला तरी यात दोन रमाबाई दिसत नाहीत. आपल्या छपराखालच्या मुलीचे हाल झाले म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. ते पत्र त्या घरातून निघालं होतं.

---

तुळशीवृंदावन

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी वारी आहे. धागा पहिल्यापासून वाचतेय. एक प्रश्न विचारायचा आहे, राग मानू नका. खरंच जाणून घ्यायचं आहे म्हणून विचारते.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारात एका मिशन दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिची इतकी सेवा केली की मी ती जन्मभर विसरणार नाही. पण नातेवाइकांत कुजबुज होतीच की 'हे लोक उगाच करत नाहीत'. डब्याबरोबर पत्रक येतं का? समोरच्याने तुमच्या देवाकडे वळावं, ही इच्छा मनात असते का?

---

भिंगारवाला

@तुळशीवृंदावन, ताई, विचारलंत ते बरं झालं. मनात सगळ्यांच्या असतं, तोंडावर कुणी विचारत नाही.

डब्याबरोबर पत्रक जात नाही. आमच्या पाळ्यांचं काम आता आणखी दोन घरांपर्यंत गेलंय, त्यातलं एक घर ख्रिस्ती नाही. तिथे आम्ही मोठ्याने प्रार्थनाही करत नाही. कुणी 'तुमची प्रार्थना म्हणा' म्हटलं तर म्हणतो. माझ्या देवावर माझं प्रेम आहे. तो तुम्हालाही आवडावा असं मला वाटतं, आणि हे मी लपवणार नाही. पण आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही. अशा माणसाला काहीही ऐकवणं हा त्याच्या असहायपणाचा फायदा घेणं आहे. ख्रिस्ताने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच. बाकीच्या नऊ जणांचा आजार त्याने परत आणला नाही.

आणखी एक. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत लुटून वाटेवर टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात, शोमरोनी मात्र थांबून मदत करतो. ती आम्ही नेहमी अशी सांगतो की आपण त्या शोमरोन्यासारखं व्हावं. पण प्रभूने ती गोष्ट सांगितली यहुद्यांना, आणि तिच्यात मदत करणारा होता त्यांना परका, ज्याला ते जवळ उभं करत नसत असा माणूस. ऐकणाऱ्याची जागा वाटेवर पडलेल्याची होती. आमच्या मावशींच्या घरी शोमरोनी कोण होतं? ती गणेश मंडळाची पोरं आणि भगर पाठवणाऱ्या वहिनी. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, ते आम्ही. हातात निवेदन घेऊन.

---

गव्हाणीची वाट

थोडं वेगळं मत. कृती हवीच, पण सुवार्ता शब्दांनीही सांगायची असते, ती आज्ञा आहे. गप्प सेवेला खरी सेवा आणि बोलणाऱ्याला लबाड ठरवू नये. बाकी, अंथरुणावरच्या माणसाबद्दल जे लिहिलंत ते पटलं.

---

पांढरा कोट

मी परिचारिका आहे, सत्तावीस वर्षं झाली. नोकरीच्या सुरुवातीला जामखेडला प्रशिक्षणासाठी राहिले होते, म्हणून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबद्दल लिहिते. इथे चाललेल्या वादाचं उत्तर मला तिथे दिसलं होतं.

दोघंही वेल्लोरला डॉक्टरकी शिकले. १९७० मध्ये जामखेडला आले. खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरवलेलं. त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी काम कसं केलं, ते कमी लोकांना माहीत असतं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षयरोग यांबद्दल शिकवलं. प्रशिक्षणाला सगळ्या जातींच्या बाया एकत्र यायच्या, एकत्र जेवायच्या, रात्री शेजारी-शेजारी झोपायच्या. आधी जड गेलं, मग अंगवळणी पडलं. काही वर्षांत अशी वेळ आली की उच्चवर्णीयांच्या घरात बाळ अडलं तर ज्या बाईला कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं करत, तिलाच हात धरून आत नेत.

आणि पाण्याचं. दुष्काळी भाग. कूपनलिका खणायच्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत येतील असं पाहिलं गेलं. मग पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथे जायचं. मोर्चा नाही, घोषणा नाही. पण @उगवतीचा दादा म्हणतात ते पळी हातात देणं आणखी वेगळं काय असतं?

मी तिथे एका आरोग्य सेविकेबरोबर घरोघर फिरले. ती प्रत्येक घरात शिरताना मुलाच्या दंडाला हात लावायची, बोलता बोलता. मला वाटलं, माया करतेय. नंतर कळलं, दंड किती भरलाय ते चाचपून बघतेय. माया होतीच, पण ती मोजून घेणारी माया होती. कुठलं मूल वाळतंय ते तिला वजनकाट्याच्या आधी कळायचं.

---

उगवतीचा

@पांढरा कोट ताई, हे असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझा राग दयेवर नाही. मोर्चात जाणाऱ्यांपेक्षा आपण जास्त पवित्र, असं दया करणाऱ्याला वाटू लागतं, त्याचा राग येतो. ज्याला घरी बसून दया करता येते त्याच्या दारावर दगड आलेला नसतो.

---

किनाऱ्यावरची

दोन्हींच्या मधलाही एक रस्ता आमच्या वसईत होता, तो सांगायचा राहिला. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथे पतसंस्था काढली. शेतकरी सावकाराच्या व्याजात बुडत होता. दानधर्म करून त्याची सुटका झाली नसती, आणि सावकाराविरुद्ध सभा घेऊन तर नाहीच. लोकांचेच थोडे-थोडे पैसे एकत्र करून लोकांनाच कर्ज. तीच आज बॅसीन कॅथलिक बँक. माझ्या आजोबांची वाडी गहाणातून सुटली ती तिथल्या कर्जाने. आजोबा पासबुक बायबलच्या शेजारी ठेवायचे.

---

भिंगारवाला

गेले दहा दिवस लिहिलं नाही. काकांना ताप होता, रात्रपाळ्या वाढल्या होत्या. आता उतरलाय.

@उगवतीचा दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या पहिल्या लेखात 'बाहेर पडलोय' असं जे लिहिलं त्यात एक सुटल्याचा आनंद होता, तो चुकीचा होता. मोर्चा सोडणं मला परवडलं. माझ्या जातीचा, जमिनीचा, दाखल्याचा कुठलाच प्रश्न अडलेला नव्हता. कृत्येच्या सहाव्या अध्यायातली ती नावं मी कितीदा वाचली असतील, ती ग्रीक आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्या भागातल्या दाखल्यांच्या कामात कागद लिहायला, कार्यालयात बरोबर यायला माणूस लागला तर मला सांगा. मसुदे मला बरे लिहिता येतात.

तरी एका गोष्टीवर मी अजून ठाम आहे, आणि त्यावर तुम्ही पुन्हा भांडलात तरी चालेल. आमच्या त्या निवेदनात 'आमच्या पीडित बंधुभगिनी' असे शब्द होते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकही चेहरा नव्हता. रमाबाईंच्या पत्रात होता. याकोबाच्या पत्रात उघड्यानागड्या भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा' म्हणून वाटेला लावणारा माणूस आहे ना, तसे आमच्या निवेदनाचे शब्द होते. यापुढे मंडळीने कुणासाठी निवेदन काढायचं असेल तर त्या माणसाच्या घरी आधी जाऊन यायचं, असं मी कमिटीत मांडलंय. मान्य होईल की नाही ठाऊक नाही. दफनभूमीच्या अर्जाचा पाठपुरावाही मी आणि उमेदवारवाल्या गटातले एक भाऊ मिळून करतोय. रात्रपाळीला ते शनिवारी असतात, मी शुक्रवारी. चावी एकमेकांकडे देताना बोलणं होतं.

@पांढरा कोट ताई, एक विचारायचं आहे. काकांच्या डाव्या टाचेवर कालपासून लाल डाग दिसतोय, रुपयाएवढा. कातडी फाटलेली नाही. बोटाने दाबून सोडलं तरी तो पांढरा पडत नाही, लालच राहतो. मावशी खोबरेल तेल लावून चोळू म्हणतात. चोळू का?

---

पांढरा कोट

नाही, अजिबात चोळू नका. दाबून पांढरा होत नाही म्हणजे आतल्या भागाला इजा सुरू झाली आहे, चोळल्याने ती वाढते. टाचेवरचा भार पूर्ण काढा. पोटरीखाली लांबट उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील, गादीला टेकणार नाही, आणि गुडघा किंचित वाकलेला राहील. टाचेखाली रबराची गोल चकती ठेवू नका. कूस बदलताना पाय ओढू नका, उचलून ठेवा, दोघं असाल तेव्हाच. चादरीला सुरकुती नको. सकाळ-संध्याकाळ उजेडात दोन्ही टाचा, घोटे, माकडहाड आणि खुबे बघा आणि एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी पुढच्याला कळेल. फोड आला, रंग काळपट-जांभळा झाला किंवा कातडी सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आज रात्री कोण आहे? त्यांनाही हे वाचून दाखवा.